वायरमनची वही

"कविता टाईप करून मिळत्यात का हितं?"

हा प्रश्न दारातून आला तेव्हा मी एका शाळेची सहामाहीची प्रश्नपत्रिका लावत होते. मान वर न करता म्हणाले, "सगळं मिळतं. पत्रिका, हँडबिलं, अहवाल. कुणाच्या आहेत कविता?"

उत्तर आलं नाही म्हणून वर पाहिलं. साठी ओलांडलेला एक उंच, वाळका माणूस उभा होता. पांढरा पायजमा, इस्त्री केलेला निळा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी. चपला त्यानं खाली जिन्यापाशीच काढलेल्या दिसल्या.

"माझ्याच म्हणायच्या," तो म्हणाला.

ही २००२ सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि कराडात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत एकटी राहायचे. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत स्वयंपाक. पोट डीटीपीवर चालायचं. कवितेचे तोवर तीन संग्रह निघाले होते आणि तिन्ही मीच काढलेले होते. पानं मी लावायची, मुखपृष्ठ मी करायचं, मुद्रितं मीच तपासायची. प्रकाशक म्हणून आईचं नाव टाकायचं, म्हणजे पहिल्या पानावर निदान दोन वेगळी नावं दिसायची. छापखान्यातून गठ्ठे आले की पिशव्या भरून शाळा आणि वाचनालयं पालथी घालायची. लोक पुस्तक हातात घेत, उलटंपालटं करून बघत आणि म्हणत, "वा, छपाई सुंदर आहे."

लिहिण्याची वेळ ठरलेली होती. वीज गेली की लिहायचं. त्या काळी सकाळी दोन-अडीच तास वीज नसायची. कॉम्प्युटर बंद पडला की मी मागच्या खोलीत खिडकीपाशी वही घेऊन बसायचे आणि पंखा फिरायला लागला की उठायचे. वीस वर्षं लिहीत होते. वाईट लिहीत नव्हते. पण माझी कविता वाचून कुणाची झोप उडाली, असंही कधी झालं नव्हतं.

त्या माणसानं प्लॅस्टिक उलगडून वही टेबलावर ठेवली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कडा काळवंडलेल्या. नाव महिपती चाळके. पाटणच्या पुढं डोंगराकडेला त्यांची वाडी. वीज खात्यात वायरमन म्हणून पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले.

"किती प्रती काढायच्या?" मी विचारलं.

"एकच."

"एक प्रत छापत नाहीत हो कुणी."

"छापायची न्हाई. टाईप करायची आन पुस्तकासारखी बांधायची. मंडळींना द्यायची हाय. पुढच्या वर्षी लग्नाला चाळीस वर्सं हुत्यात."

"त्यांना माहीत आहे, तुम्ही कविता लिहिता ते?"

चाळके हसले. पहिल्यांदाच. "तिला वाटतंय मी ड्युटीची डायरी लिवतोय. रिटायर झाल्यावर पण लिवतोय म्हणून शेजारणीला सांगत हुती, ह्यांची सवय जात न्हाई."

"आठ दिवसांनी या," मी म्हणाले.

प्रश्नपत्रिका संपवून मी दुसऱ्या दिवशी वही उघडली. अक्षर मोठं होतं आणि एकेक शब्द जपून लिहिलेला. कविता लहान लहान, चार ओळींच्या, सहा ओळींच्या. कुठल्या तारखेला कुठं फॉल्ट होता, पाऊस कसा होता, खांबावरून काय दिसलं, कोण खाली उभं राहून काय म्हणालं. यमक बिमक काही नाही. मी टाईप करत गेले. सतराव्या पानावरची कविता टाईप केली आणि थांबले. वीज गेलेली नव्हती. उठून मागच्या खोलीत गेले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन ते पान पुन्हा वाचलं आणि वही मिटली. पुढची पानं मी वाचलीच नाहीत.

आठव्या दिवशी चाळके आले. मी त्यांना खुर्ची दिली, तरी ते उभेच राहिले.

"चाळके, स्पष्ट सांगू का?"

"सांगा की."

"ह्या कविता नाहीत. ह्या नोंदी आहेत. छान आहेत, घरच्यांना वाचायला बऱ्या वाटतील, पण कविता म्हणून नाव छापून द्यावं असं त्यांत नाही."

त्यांनी मान हलवली. खात्यातला साहेब सूचना देतो तेव्हा ऐकत असतील तसे ते ऐकत होते. "कवितेत काय असावं लागतं मग?"

मी सांगितलं. प्रतिमा म्हणजे काय, लय कशी आतून यावी लागते, अनुभव नुसता सांगायचा नसतो तर त्याच्या पलीकडं न्यायचा असतो. पंधरा मिनिटं तरी बोलले असेन. एखाद्या शिबिरात बोलावं तसं.

"म्हंजे फॉल्ट नक्की कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"तसा एका जागी नाही," मी म्हणाले. "सगळीकडंच आहे."

"मग सगळी लाईनच बदलाय पायजे." ते पुन्हा थोडंसं हसले. वही त्याच प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळली. "बरं झालं सांगितलंत. उगंच हसं झालं असतं तिच्यापुढं. तुमचा वेळ घेतला, ताई."

ते जिना उतरून गेल्यावर मी कॉम्प्युटरवरची ती फाईल पुसून टाकली.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी वीज गेलेली असताना मी 'राखण' नावाची कविता लिहिली. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता. ती पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली आणि तिथं ती छापून आली. मग पत्रं यायला लागली. इतकी वर्षं माझ्या पत्त्यावर प्रेसची बिलं आणि सभासद वर्गणीच्या आठवणी यायच्या, आता अनोळखी माणसांची पोस्टकार्डं यायला लागली. सांगलीहून एका शिक्षकांनी लिहिलं की त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि पोरं गप्प बसली. एका बाईंनी लिहिलं की ती कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवली आहे. संपादकांनी स्वतःच्या हातानं लिहून पुढच्या अंकासाठी पाच कविता मागितल्या. मला बोलावणी येऊ लागली.

त्यांतलंच एक पाटणच्या वाचनालयाचं होतं. वर्धापनदिन, रविवारी दुपारी चार वाजता, कवितावाचन आणि चहा. साठ-सत्तर माणसं सतरंजीवर बसली होती. मी पाच कविता वाचल्या आणि शेवटी 'राखण'. चारच ओळींची आहे. ती अशी:

साऱ्या गावाला उजेड वाटून तो घरी आला
तेव्हा घरात अंधार होता.
समईत तिनं तेल घातलं नव्हतं,
त्याच्या हातांसाठी राखून ठेवलं होतं.

टाळ्या वाजायच्या आधी जरा वेळ जातो, तो गेला. मग टाळ्या वाजल्या. मला आता त्या थांबण्याची सवय झाली होती. मी कागद गोळा करत होते, तेवढ्यात मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेले चाळके दिसले. त्यांच्या शेजारी एक ठेंगणी बाई बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

चहाच्या वेळी ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, डोळ्यांवर नवा कोरा चष्मा. चष्मा घ्यायला म्हणून दोघं तालुक्याला आली होती हे मला नंतर कळलं. कार्यक्रमाला चाळके तिला सहज घेऊन आले होते.

"अवो बाई, ती शेवटची म्हणलीसा ती तुमचीच काय?"

"हो."

"ते तेल नव्हतं."

"काय नव्हतं?"

"तेल नव्हतं. रॉकेल हुतं. आन समई कुठली? कंदील हुता. समई तर माझ्या थोरल्या पोराच्या लग्नात आली." तिचा आवाज चढलेला नव्हता. चूक दुरुस्त करावी इतक्या साधेपणानं ती बोलत होती. "रॉकेल ठेवलंवतं मी, ह्यांचं हात धुवाया. खांबाचा काळा रंग आन ग्रीस साबणानं निघतंय व्हय? रेशनवर महिन्याला दोन लिटर मिळायचं. कंदिलात घालू का ह्यांच्या हाताला ठेवू? म्हणून बसले अंधारात. आमच्यात मीटर दोन वर्सांनी आला, वायरमनचं घर असून."

चाळके तिच्या मागं येऊन उभे राहिले होते.

"तुमास्नी कुणी सांगितलं हे?" तिनं विचारलं.

चाळके मध्ये पडले. "अगं सगुणा, कविता हाय ती. तालुक्यात मी एकटाच वायरमन हाय व्हय? घरोघरी असंच."

"घरोघरी?" ती वळली. "घरोघरी कोण बसतंय अंधारात? ही मी बसल्याली हाय. माझं मला कळत न्हाई?" आणि पुन्हा माझ्याकडं, "सांगा की बाई. कुणाकडनं ऐकलंत?"

चाळके माझ्याकडं बघत होते. शिडीवर चढलेल्या माणसाची शिडी खालून धरलेला माणूस जसा वर बघतो, तसं. रागावल्याची खूण नव्हती. उलट, मी पडू नये म्हणून ते उभे होते.

"ऐकलं होतं कुठंतरी," मी म्हणाले. "आता नीट आठवत नाही."

सगुणाबाईंनी नवऱ्याकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. पदर सारखा केला आणि चहा न घेताच बाहेर निघून गेल्या. चाळके त्यांच्यामागून गेले.

सतराव्या पानावर हीच कविता होती. मी तिच्यातल्या 'मी'चा 'तो' केला होता, वाडीचं गाव केलं होतं, कंदिलाची समई केली होती आणि रॉकेलचं तेल. रॉकेलचा वास मला कवितेत नको होता. एवढं सोडलं तर ती कविता जशीच्या तशी महिपती चाळकेंची होती, आणि ती लिहिताना मला हे माहीत होतं. माझ्या नकळत आली, मनात कुठंतरी रुतून बसली होती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं होतं. सांगताना वाक्य चांगलं वाटायचं, म्हणून फार विश्वास बसत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी चाळके जिना चढून आले. ह्या वेळी हातात काही नव्हतं. वीज गेलेली होती आणि माझ्यापुढं संपादकांनी मागितलेल्या पाच कवितांची कोरी पानं होती.

"बसा," मी म्हणाले. ते बसले.

माझी वाक्यं मी चार दिवस जुळवून ठेवली होती. "माझं चुकलं. मी तुमचं पुस्तक काढते. नीट, पाचशे प्रती. तुमच्या नावानं. वही मला द्या."

"वही न्हाई."

"म्हणजे?"

"बंबात घातली. त्याच दिवशी, घरी गेल्यावर. पाणी तापवायचंच हुतं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, जणू माझी समजूत काढायची होती, "जुनीच हुती. वाळवी लागायला आलीवती."

"मी सतरा पानं टाईप केली होती," मी म्हणाले. "ती पण पुसून टाकली."

"बरं," ते म्हणाले.

खाली रस्त्यावरून भांड्याला कल्हई लावणारा ओरडत गेला.

"ताई, मी पुस्तकासाठी आलो न्हाई. एक काम हुतं."

"सांगा."

"सगुणा पाच दिस धड बोलत न्हाई. तिला वाटतंय मी तुमच्याकडं येऊन घरातलं सांगत बसतो. परक्या बाईला. काय काय सांगितलं असंल म्हणून तिच्या डोक्यात चाललंय. मी म्हणलं, अगं ती कविता मीच लिवलीवती. तर म्हणाली, आता त्या बाईचं ऐकलं आन स्वतःचं म्हणून सांगाय लागला." ते आपल्या हातांकडं बघत बोलत होते. "तिचं पण बरोबर हाय. छापलंय तुमच्या नावानं. मी काय दाखवणार? तुमी एकदा येऊन तिला सांगा. बाकी काय न्हाई."

मी पायात चपला घातल्या. कुलूप लावताना हात कापला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. मी खिडकी बंद केली का, हे परत जाऊन बघितलं, एवढं आठवतं.

एसटीत ते खिडकीशी बसले आणि मी शेजारी. पाटण सोडल्यावर रस्ता चढाला लागला तसे ते बाहेर बोट दाखवायला लागले. "हा तीन खांबांचा जोड बघा, हितं अडुसष्ट साली उभा केला. ह्या वळणावर बैलगाडीनं खांब आणलं. त्या तिथं, जांभळीपाशी, माझा जोडीदार पडला. वाचला, पण पुन्हा चढला न्हाई." प्रत्येक खांबाला ते ओळखत होते. मी ऐकत होते आणि त्या वहीतली पुढची पानं मी वाचली नव्हती हे मनात मोजत होते.

घर वाडीच्या वरच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, शेणानं सारवलेलं अंगण. सगुणाबाई ओट्यावर हुलगे निवडत बसल्या होत्या. आम्हाला दोघांना एकत्र येताना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. उठल्या नाहीत.

"ह्यांनी आणलं तुमास्नी?"

"मी सांगायला आलेय," मी म्हणाले आणि ओट्याच्या कडेला टेकले. चाळके अंगणातच उभे राहिले. "ती कविता माझी नाही. यांची आहे. यांनी माझ्याकडं वही टाईप करायला दिली होती, तुम्हाला द्यायची म्हणून. यांनी मला घरातलं काहीही सांगितलेलं नाही. मी वहीत वाचलं आणि माझ्या नावानं छापलं."

बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

सगुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "डायरी म्हणत हुता ती?"

"व्हय," चाळके म्हणाले.

"कुठाय?"

"जाळली."

"का?"

मग मीच म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं की ह्या कविता नाहीत. छापण्यासारख्या नाहीत."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "ह्यांनी काय लिवलंवतं? हाय का ध्यानात तुमच्या?"

"आहे."

"म्हणा बघू."

वर्षभरापूर्वी दोनदा वाचलेलं ते पान. मी ते अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या देखत म्हणून दाखवलं. पहिल्यांदाच एकही शब्द न बदलता:

सगळ्या वाडीला लाईट देऊन घरी आलो
तर आमच्यात अंधार.
कंदील कोरडा, आणि ती गप बसलेली.
बाटलीत तळाला रॉकेल होतं
ते तिनं माझे हात धुवायला ठेवलेलं.

इथं ह्या ओळी दिल्या आहेत त्या चाळकेंना विचारून. त्यांच्याखाली नाव घालायचं झालं तर त्यांचं आहे.

सगुणाबाई बराच वेळ सुपातल्या हुलग्यांकडं बघत राहिल्या. अंगणात एक कोंबडी दाणे टिपत होती, तिला त्यांनी हाकललंसुद्धा नाही.

"गप बसल्याली न्हवते मी," शेवटी त्या म्हणाल्या. "रडत हुते. अंधारात ह्यांना दिसलं न्हाई." मग माझ्याकडं वळून, "हे वाचून तुमास्नी टाकाऊ वाटलं?"

"नाही."

"मग तसं का सांगितलं त्यांना?"

त्यांनी चोरीबद्दल विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं. चार दिवस मी तेच जुळवत होते. हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं आणि मी स्वतःला तो कधी विचारू दिला नव्हता. सतराव्या पानावर मी का थांबले, पाणी प्यायला का उठले, पुढची पानं का वाचली नाहीत. चाळके अंगणातून माझ्याकडं बघत होते. त्यांनाही ते ऐकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर ते सगळीकडं फॉल्ट आहे असंच धरून चालले होते.

"मला तसं लिहिता येत नव्हतं म्हणून," मी म्हणाले. "वीस वर्षं लिहिते. असं एकदाही जमलं नव्हतं. वाचलं आणि सहन झालं नाही."

मला वाटलं, सगुणाबाई आता उठ म्हणतील.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी म्हणलं काय आन काय." आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

चाळके हळूच येऊन ओट्यावर बसले. आमच्यामध्ये सूप होतं. त्यांनी त्यातला एक खडा उचलला आणि अंगणात टाकला.

"म्हंजे कविताच हुत्या त्या?" त्यांनी मला विचारलं. हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"हो," मी म्हणाले. "कविताच होत्या."

त्यांनी मान हलवली आणि आणखी एक खडा शोधू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते का, हे मी बघितलं नाही. मुद्दामच.

कराडला परतल्यावर मी दिवाळी अंकाच्या संपादकांना सगळं लिहून कळवलं आणि पुढच्या अंकात खुलासा छापा म्हणून विनंती केली. त्यांचं पोस्टकार्ड आलं. चार-पाच ओळींचं एवढं मनावर घेऊ नये, प्रतिभेला असे स्पर्श होतच असतात, असं त्यात होतं. खुलासा त्यांनी छापला नाही. मग मी माझ्या चौथ्या संग्रहाच्या सुरुवातीला तो स्वतःच छापला, पानभर. स्वतःचा प्रकाशक असल्याचा एवढा एक फायदा. 'राखण' मी पुन्हा कुठं वाचली नाही. बोलावणी हळूहळू थांबली आणि पत्रंही. लिहिणं थांबलं नाही. अजून लिहिते. बरं लिहिते.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं आहे.

सगुणाबाईंनी चहा आणला. तीन कप, एका कपाला कान नव्हता, तो त्यांनी स्वतःकडं ठेवला. भिंतीला टेकून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आन काय काय लिवलंवतं?"

"आता काय ध्यानात ऱ्हातंय व्हय."

"खांब ध्यानात ऱ्हात्यात सगळं. बोला."

चाळकेंनी चहाचा घोट घेतला. खाकरले. मग तोंड अंगणाकडं ठेवून त्यांनी एक म्हणायला सुरुवात केली. धाकटा मुलगा जन्मला त्या दिवसाबद्दल होती. ते डोंगरापलीकडं लाईनवर होते आणि निरोप घेऊन आलेला माणूस खांबाखालून ओरडत होता, पण वाऱ्यात त्यांना मुलगा का मुलगी ते ऐकू येत नव्हतं. दोन ओळी म्हणून ते अडखळले. पुन्हा मागं गेले. सगुणाबाई मध्येच म्हणाल्या, "बुधवार हुता, सोमवार न्हवं." त्यांनी ओळ दुरुस्त करून पुन्हा म्हटली.

मी पर्स उघडली, डायरी काढली आणि पेनाचं टोपण काढलं. कुठंतरी हे टिपून ठेवायलाच हवं होतं. वही जळली होती, फाईल मी पुसली होती, आणि हा माणूस पासष्ट वर्षांचा होता.

सगुणाबाईंनी हात लांब करून माझ्या डायरीवर ठेवला.

"बाई, तुमी लिवू नका," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "तुमी नुसतं ऐका."

मी टोपण लावलं. चाळके पुढची ओळ आठवत होते. आम्ही दोघी थांबलो. ती आली, मग तिच्यापुढची आली, मग दुसरी कविता आणि तिसरी. मध्ये सगुणाबाई कधी हसल्या, कधी "हे असं न्हवतं" म्हणाल्या, एकदा उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं चेहरा धुऊन बाहेर आल्या. चारच्या एसटीपर्यंत अकरा कविता झाल्या. त्या अकराही मला आज पाठ आहेत, आणि मी त्या कुठंही लिहिलेल्या नाहीत.